बोळ

बेळगावातल्या अनगोळच्या एका घराचा नकाशा गेल्या महिन्यात मी तिसऱ्यांदा काढला. तीस बाय चाळीसचा प्लॉट, पूर्वेला रस्ता, खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. घरमालक हायस्कुलात शिक्षक आहेत, ऐकून घेणारे. तरी तिन्ही वेळा घोडं एकाच जागी अडलं. डाव्या अंगाला, पुढच्या फाटकापासून मागच्या न्हाणीपर्यंत, मी साडेतीन फुटांची पट्टी मोकळी ठेवली होती.

"वहिनी, तेवढं आत घेऊन सोडूया की. स्वयंपाकघर केवढं मोठं होतंय बघा. शेजारच्यांनी पण घेतलंय."

"सर, जागा तुमची. पण बोळ बुजवायचा नकाशा मी काढणार नाही."

त्यांना वाटलं मी मंजुरीच्या नियमाचं बोलतेय. नियम आहेतच, बाजूला जागा सोडावी लागते. पण नकाशावर बोळ आणि जागेवर भिंत, असं आमच्याकडे किती घरांत चालतं ते मला कुणी सांगायला नको. या कामात सव्वीस वर्षं गेली. माझं कारण वेगळं होतं. साईटवर उभ्या उभ्या ते सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आमचं घर वडगावात. अठरा फूट रुंद आणि सत्तर फूट लांब, जुन्या गल्लीतली घरं असतात तसं. रस्त्याला कट्टा, मग सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परस. परसात आड, न्हाणी, संडास. सासरे विणकर होते. सोप्यातच दोन यंत्रमाग. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिला महिनाभर मला रात्री झोप यायची नाही, आणि माग बंद झाले की आत्याबाईंना यायची नाही. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. २०२० मध्ये सगळीकडे 'वर्क फ्रॉम होम' सुरू झालं, तेव्हा वडगाव-खासबागेत त्याचं नवल वाटलं नाही. इथे तीन-तीन पिढ्या घरातच काम करत आल्या आहेत. नवल वाटलं ते माग घरात असून थांबल्याचं. सूत येईना, तयार साड्या उचलायला व्यापारी येईनात, आणि गल्लीत पहिल्यांदा दुपारी कावळ्यांचा आवाज ऐकू आला.

तर या घराच्या उजव्या अंगाला बोळ होता. खाली शहाबादी फरशी, भिंतीचा जांभा उघडा, वर आभाळ. सायकल तिथून मागे जायची, जळण जायचं, सुताची बोचकी जायची. मयतीला जाऊन आलेला माणूस घरात पाऊल न टाकता बोळातून परसात जाऊन अंघोळ करायचा आणि मग मागल्या दाराने आत यायचा. परसालगत एक लहान खोली होती, बाळंतिणीची. तिला दोन दारं. एक माजघरात आणि एक बोळात.

२०११ साली आम्ही घर दुरुस्त केलं. माग आधीच मोडीत गेले होते, सासरे वारले होते. माझे पती उद्यमबागेत फॅब्रिकेशनच्या कारखान्यात आहेत; पगार बरा चालला होता. नकाशा अर्थात मीच काढला. बोळ आत घेतला, शेजारच्यांच्या भिंतीला भिंत लावली, स्वयंपाकघर अकरा फुटांवरून साडेचौदा फूट झालं. एल आकाराचा ओटा, फ्रिजला जागा, मिक्सरला वेगळा कोनाडा. बाळंतिणीच्या खोलीचं बोळातलं दार काढून विटा लावल्या आणि तिची कोठी केली. आत्याबाई सोप्याच्या उंबऱ्यावर बसून गवंड्याचं काम बघत होत्या. म्हणाल्या, "बोळ ठेव गं बाई. दुखण्याबाण्याला लागतोय त्यो."

मी ऐकलं नाही. घरात शिकलेली मी होते. नकाशा माझ्या हातात होता.

आता २०२१. १७ एप्रिलला लोकसभेच्या पोटनिवडणुकीचं मतदान झालं. आमचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी आदल्या सप्टेंबरात कोविडनेच गेले होते, त्या जागेसाठीचं मतदान. २२ एप्रिलपासून कारखान्यांचा ऑक्सिजन मोजके उद्योग सोडून सगळीकडे बंद झाला, कारण तो दवाखान्यांना हवा होता. गॅस कटिंग थांबलं, यांच्या कारखान्यात लोखंड कापायचं कसं हा प्रश्न आला. तक्रार कुणीच केली नाही. तोच ऑक्सिजन कुणाच्या तरी नाकाला लागणार होता. २७ तारखेच्या रात्रीपासून कर्नाटकात कर्फ्यू लागला. आणि मेच्या पहिल्या आठवड्यात यांना ताप आला.

रिपोर्ट पॉझिटिव्ह, ऑक्सिजनची पातळी ठीक, घरीच वेगळं ठेवा असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. वेगळं म्हणजे कुठे? सोप्यात खाट टाकली, मधलं दार लावून घेतलं. जेवण उंबऱ्यावर ठेवायचे. इथपर्यंत जमलं. पण संडास-न्हाणी मागे. पुढून मागे जायची वाट एकच, माजघरातून, माझ्या साडेचौदा फुटी स्वयंपाकघरातून. दिवसातून सहा वेळा हे तोंडाला मास्क लावून, खोकला दाबत, आमच्या मधून जायचे. आम्ही मागच्या दारात उभे राहायचो, ते आत गेले की पुन्हा आत यायचो. फरशी पुसायची, कड्या पुसायच्या. त्या दिवसांत आम्ही सगळे पुसत होतो, दुधाच्या पिशव्यासुद्धा. हवा पुसता येत नाही हे कळत होतं, पण बोळाकडची खिडकी मीच भिंतीत गाडली होती. त्या स्वयंपाकघरात ओट्यासमोर एकच खिडकी उरली होती, आणि समोरासमोर दुसरी नसेल तर एका खिडकीतून हवा फिरत नाही. हे मी रोज लोकांना सांगते.

आत्याबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांची बसायची जागा ठरलेली, ओट्याशेजारी पाटावर, भाजी निवडत. चौथ्या दिवशी त्यांना ताप आला. सातव्या दिवशी धाप लागली. बेडसाठी किती फोन केले ते लिहीत नाही. त्या आठवड्यात बेळगावात ज्यांनी फोन केले त्यांना माहीत आहे. एक बेड मिळाला, रात्री अडीचला. बाराव्या दिवशी त्या गेल्या.

बोळ असता तर त्या वाचल्या असत्या असं मी म्हणत नाही. ते मला काय, कुणालाच सांगता येणार नाही. पण बोळ असता तर यांना बाळंतिणीच्या खोलीत ठेवता आलं असतं. दार बोळात, दोन पावलांवर न्हाणी, वर आभाळ. जेवण बोळातून दिलं असतं. आणि आत्याबाई आपल्या पाटावर बसून भाजी निवडत राहिल्या असत्या. हे मला नकाशासारखं स्पष्ट दिसतं, मोजमापांसकट.

माझी आई तेव्हा चंदगड तालुक्यात, माझ्या माहेरी. बेळगावहून शिनोळीपर्यंत अर्धा-पाऊण तास, शिनोळी ओलांडली की महाराष्ट्र. आमच्याकडच्या लोकांना ही हद्द एरवी फक्त गाड्यांच्या नंबरात दिसते. चंदगडची रताळी बेळगावच्या मार्केटात येतात, तिकडची माणसं दुखलं-खुपलं तर बेळगावलाच येतात, इकडची पोरं शिनोळीच्या कारखान्यात कामाला जातात. त्या दोन वर्षांत तीच हद्द भिंत झाली. पास, बहात्तर तासांच्या आतला रिपोर्ट, महामार्गावर कोगनोळीच्या नाक्याला वेगळा बंदोबस्त, आडवाटेवर आडवी टाकलेली लाकडं. आई येऊ शकली नाही. विहीणबाई गेल्याचं तिला फोनवर कळलं, आणि तिने तिथेच परसात उभं राहून अंगावर पाणी ओतून घेतलं.

नंतर कधीतरी आईने मला तिच्या आजीची गोष्ट सांगितली. लहानपणी ऐकली होती, तेव्हा भुताच्या गोष्टीसारखी वाटली होती. 'पिलेग' आला की घरात उंदीर मरून पडायचे, आणि मग अख्खं गाव उठून शिवारात जायचं. ज्वारीच्या ताटांच्या, गवताच्या खोपी करून महिनोन्‌महिने राहायचं. गावात फक्त देव आणि कुत्री. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दोन वर्षांत आमच्या बेळगाव-धारवाड भागात त्याने धुमाकूळ घातला; हा सगळा तेव्हा मुंबई इलाखाच. सरकारी माणसं येऊन घरांची कौलं उतरवायची, आत ऊन-वारा यावा म्हणून. आईच्या आजीला त्यातलं एवढंच आठवत होतं की परत आल्यावर माजघरात ऊन पडलं होतं, आणि चुलीजवळची ती जागा तिने जन्मात पहिल्यांदा उजेडात बघितली.

या ओळीवर मी बराच विचार केला आहे. रोगाने घर बदललं. त्याच प्लेगपायी १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्तीतून रुंद रस्ते पाडले गेले, दादर-माटुंग्याकडे मोकळ्या वसाहती आखल्या गेल्या. बेंगळुरूचे बसवनगुडी आणि मल्लेश्वरम याच काळात वाढले. गरिबांची घरं त्यात किती पाडली गेली आणि त्यांना बदल्यात काय मिळालं हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण खिडकी किती मोठी हवी, दोन घरांत किती अंतर हवं, हे प्रश्न साथीने विचारले आणि कागदावर आले. मी ज्या बाजूच्या मोकळ्या जागेची रेघ मारते, तिच्या मुळाशी कुणाची तरी मेलेली माणसं आहेत.

आमच्या कामात एक शब्द आहे, व्हेंटिलेटर. दाराच्या किंवा खिडकीच्या वर जी आडवी तुळई असते, लिंटेल, तिच्या वरची ती लहान जाळी. गवंडी तिला 'व्हेंटिलेटर'च म्हणतो, "बाई, व्हेंटिलेटर कितीचा सोडू?" असं विचारतो. गरम, वापरलेली हवा वर चढते आणि तिथून बाहेर जाते. एवढं साधं काम. गेल्या वीस वर्षांत लोकांनी ते बंद करून टाकले. डास येतात, एसी लावायचा आहे, फॉल्स सीलिंगमध्ये अडचण होते. २०२१ मध्ये तोच शब्द अख्ख्या गावाच्या तोंडी होता, आणि मला दर वेळी तो ऐकून छातीत काहीतरी व्हायचं.

त्या वर्षी मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खेळत्या हवेबद्दल मार्गदर्शन दिलं. ऑफिस-शाळांसारख्या जागेत माणशी सेकंदाला किमान १० लिटर ताजी हवा हवी. मला आकडे बादलीत मोजायची सवय आहे. दोन माणसांना सेकंदाला एक मोठी बादली. आता मच्छे आणि मजगावच्या बाजूला कामगारांच्या खोल्या बघा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, मशीनशॉपमध्ये काम करणारी बिहार-ओडिशाकडची पोरं दहा बाय बाराच्या खोलीत आठ-आठ राहतात, पाळीपाळीने झोपतात. आठ जणांना सेकंदाला चार बादल्या हवा. ती एका दारातून आणि दीड फुटी खिडकीतून कशी येणार? २०२० च्या मे महिन्यात ही पोरं पाठीला पिशव्या लावून निघाली ती फक्त पगार बंद झाला म्हणून निघाली असं मला वाटत नाही. त्या खोलीत चोवीस तास राहणं शक्यच नव्हतं. पाळीमुळे ती खोली पुरत होती. पाळ्या थांबल्या आणि आठही जण एकाच वेळी आत आले.

गेल्या वर्षी अशाच दहा खोल्यांचं काम माझ्याकडे आलं. मालकाशी मी महिनाभर भांडले. समोरासमोर दोन खिडक्या द्या म्हटलं, तर "मागं शेजाऱ्याची हद्द आहे" म्हणाले. मग दोन ओळींच्या मधे चार फूट उघडी जागा सोडा म्हटलं. त्यात त्यांची एक खोली जात होती, म्हणजे एक भाडं. शेवटी मधली जागा अडीच फूट मिळाली आणि प्रत्येक खोलीला वर व्हेंटिलेटर. काम झाल्यावर मी उदबत्ती लावून बघितली. मी प्रत्येक साईटवर हे करते. धूर कुठे जातो त्यावरून हवा कळते. नऊ खोल्यांत धूर वर जाऊन जाळीतून बाहेर पडला. कोपऱ्यातल्या एका खोलीत तिथेच घुटमळत राहिला. ती खोली अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

घरं बांधणाऱ्यांना २०२१ आणि २२ मध्ये मात्र काही पटवून द्यावं लागत नव्हतं. स्वतःहून म्हणायचे, फाटकाजवळ बेसिन द्या, गॅलरी मोठी द्या, एक खोली बाहेरून दार असलेली द्या. पुण्या-बेंगळुरूहून परत आलेल्या पोरांसाठी ऑफिसची खोली. माझा पुतण्या बेंगळुरूच्या कंपनीचं काम आमच्याच माळ्यावर बसून करायचा. शेजारचे माग सुरू झाले की फोनवर पलीकडचे लोक विचारायचे, पाऊस पडतोय का. त्याने दुपारी जेवून अर्धा तास झोपायची सवय लावून घेतली, आजीकडून तिच्या शेवटच्या वर्षात भाकरी थापायला शिकला. मग २०२२ च्या शेवटाला परत बोलावणं आलं, आठवड्यातून तीन दिवस. माळ्यावरचं टेबल तसंच आहे.

शाळा बंद असताना विद्यागम या सरकारी योजनेच्या नावाने मास्तर देवळाच्या सभामंडपात, झाडाखाली पोरं बसवून शिकवायचे. दोन-अडीच महिन्यांतच ते थांबलं. पण सभामंडप हा किती चांगला वर्ग आहे हे तेव्हा दिसलं. तिन्ही बाजू उघड्या, वर छप्पर, पाऊस आत येत नाही. त्यानंतर मी दोन शाळांच्या खोल्यांचं काम बघितलं. दोन्हीकडे पुन्हा तीच चौकोनी खोली आणि सरकत्या काचा. सरकती खिडकी अर्धीच उघडते, हे पैसे देणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

विसरायला लोकांना दोन वर्षं पुरली. फाटकाजवळच्या बेसिनांत आता कुंड्या आहेत. गॅलऱ्यांना काचा लागल्या. बाहेरून दार असलेली खोली भाड्याने गेली. मी कुणाला दोष देत नाही, जागेचा भाव गुंठ्याला काय झालाय ते मला माहीत आहे. तीन फूट म्हणजे फार पैसे.

आणि बोळाबद्दल खरं तेही लिहायला हवं. जुने बोळ पुण्यकर्मासाठी ठेवलेले नव्हते. फ्लशचे संडास यायच्या आधी मैला उचलणारी माणसं त्या बोळातून यायची, पुढच्या दाराला त्यांचा स्पर्श नको म्हणून. पाळीच्या चार दिवसांत बायका त्याच मागच्या खोलीत बसायच्या; आत्याबाई स्वतः बसलेल्या. मी २०११ मध्ये बोळ बुजवला तेव्हा हे सगळं बुजवतेय असंही मला वाटलं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता. आजही त्या शिवाशिवीचं एक अक्षर मला परत नको आहे. पण आत्याबाईंनी दुखण्याबाण्याचं म्हटलं होतं. आजारी माणसाला दूर लोटायला नव्हे, घरातच, हाकेच्या अंतरावर ठेवता यावं म्हणून. एकच वाट दोन कामांना वापरली जात होती, आणि मी दोन्ही एकदम फेकून दिली.

५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात आम्ही गवंडी बोलावला. स्वयंपाकघराची उजवी भिंत साडेतीन फूट आत सरकवली, बोळावरचा स्लॅब तोडला. एल आकाराच्या ओट्याचा छोटा पाय गेला. कोठीच्या भिंतीतल्या विटा काढल्या तर आत जुन्या चौकटीची खाच तशीच होती. दोन खिडक्या समोरासमोर आल्या. फ्रिजला जागा उरली नाही, तो सोप्यात ठेवलाय, जिथे पूर्वी माग होता. येणारे-जाणारे विचारतात, फ्रिज सोप्यात का हो? काहींना सांगते, काहींना नाही.

गेल्या रविवारी अनगोळच्या सरांना म्हटलं, चहाला या, मिसेसना पण घेऊन या. चहा झाल्यावर त्यांना बोळातून मागे नेलं. सर पुढे गेले, दोन्ही हात पसरून भिंतींना टेकतात का बघत. त्यांच्या मिसेस मधेच थांबल्या. त्या खोलीच्या दारापाशी उभ्या राहून त्यांनी आत बघितलं, मग न्हाणीकडे बघितलं, मग परत आत. त्यांच्या घरात कोण गेलं होतं ते मी कधी विचारलेलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आमच्यात इथं एक नळ काढून देता येईल काय, वहिनी?"

देते म्हटलं. उंची किती ठेवू ते विचारायचं राहून गेलं. उद्या फोन करते.